गाडी नावावर झाली का?

सेकंड हॅन्ड गाडी घेतलेल्या कुणाचाही फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येतं, "होईल ना ताई, डीलरच करून देणारे, गाडी तर दारात उभी आहे." गाडी दारात उभी असणं आणि गाडी तुमची असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायलाच आज लिहायला बसलेय. मी नाशिकरोडला मोटार इन्शुरन्सचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि माझ्याकडे रडवेल्या तोंडाने येणारी जी माणसं असतात त्यांच्यातल्या अनेकांची गाडी चांगलीच असते, इंजिन चांगलं, बॉडी चांगली, कागद मात्र भलत्याच्या नावावर.

गाडी बघायला जाताना आपण काय विचारतो? मॉडेल कितीचं, ओनर कितवा, किलोमीटर किती, अॅव्हरेज काय देते, एसी गार करतो का. चार मित्र सोबत नेतो, त्यातला एक बोनेट उघडून ऑइलची काडी बाहेर काढून बघतो, एक दरवाजे आपटून आवाज ऐकतो, मग पाथर्डी फाट्यापासून विल्होळीपर्यंत एक चक्कर, की लगेच बयाणा. कागद बघायचे म्हणजे आरसीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवायचा, एवढंच. शेत घेताना हाच माणूस सातबारा काढतो, फेरफार बघतो, बोजा आहे का ते तलाठ्याकडे जाऊन विचारतो, आणि पाच-सहा लाखांच्या गाडीला मात्र फोटोवर विश्वास. माझं म्हणणं एवढंच की गाडीचाही सातबारा असतो आणि तो घरबसल्या बघता येतो.

एमपरिवहन अॅप किंवा 'वाहन' ह्या सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की रजिस्ट्रेशन कधीचं, इंधन कोणतं, ओनर कितवा, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी आहे का, फायनान्स चढलेला आहे का, सगळं दिसतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, अधेमधे फुल्या असतात, पण समोरचा माणूस जे नाव सांगतोय ते जुळतंय का एवढं कळतं. महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर थकलेली चलानं दिसतात. हे बयाणा देण्याआधी करायचं, नंतर नाही. थकलेल्या चलानाचे पैसे किमतीतून वजा करायचे असतील तर ते तेव्हाच होतं, पैसे हातातून गेल्यावर कोण ऐकतंय.

फायनान्सचं तर विशेष सांगते कारण आपल्याकडे ह्याच्यात फार लोक अडकतात. लोन फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी म्हणजे ना हरकत पत्र घ्यायचं, फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का घ्यायचा आणि ते आरटीओत देऊन नोंद काढायची, तेव्हा तो उतरतो. कित्येकांचं लोन फिटून चार वर्षं झालेली असतात, एनओसी कुठेतरी कपाटात, मधल्या काळात बँकेची शाखा हललेली किंवा बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, मग गाडी विकायच्या वेळी धावपळ. तुमची गाडी विकायची नसेल तरी लोन फिटल्या-फिटल्या हे काम करून टाका. आणि घेणाऱ्याने बोजा असलेली गाडी "लोन मी भरतो, तुम्ही उरलेले पैसे द्या" अशा तोंडी बोलीवर घेऊ नका, कृपा करून घेऊ नका, फारच आवडली असेल तर पैसे थेट लोनच्या खात्यात भरा आणि एनओसी हातात आल्यावरच पुढचं बोला.

आता विकणाऱ्यांबद्दल, कारण सगळ्यात मोठा धोका त्यांनाच असतो आणि त्यांनाच तो माहीत नसतो. इंदिरानगरचे एक काका आहेत, रिटायर्ड, आठ-नऊ वर्षं सांभाळलेली गाडी त्यांनी एका डीलरला दिली. डीलरने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर, म्हणजे नाव ट्रान्सफरच्या फॉर्मवर, सह्या घेतल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, पैसे लगेच खात्यात, काका खूश. नंतर त्यांच्या मोबाईलवर चलानं यायला लागली, कधी सिग्नल तोडला, कधी स्पीड, आणि गाडी तर त्यांनी परत बघितलीसुद्धा नव्हती. डीलर म्हणतो मी ती पुढे दिली, पुढचा म्हणतो मी पण पुढे दिली. काका माझ्याकडे आले तेव्हा चलानाच्या पैशांची काळजी करत होते, मला मात्र धास्ती होती ती अॅक्सिडेंटची.

कारण कायदा काय म्हणतो बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०: राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. दोघांवरही जबाबदारी आहे, एकट्या घेणाऱ्यावर नाही. आणि नाव बदललं नाही तर काय होतं ते सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्या केसमध्ये मूळ मालकाने २००७ साली गाडी विकली होती, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, २००९ मध्ये अपघात झाला, त्यात जीव गेला. आरसीवर नाव अजून पहिल्याचंच. कोर्टाने म्हटलं, रजिस्टरवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. का, तर अपघातात ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी कुठून कुठे विकली गेली ह्याचा शोध घेत फिरायचं का? मला हे शंभर टक्के पटतं. पण म्हणूनच विकणाऱ्याने जागं राहायला पाहिजे, इन्शुरन्स चालू असेल तर कंपनी भरते, संपलेला असेल तर ज्या गाडीला तुम्ही वर्षानुवर्षं हात लावला नाही तिच्यापायी तुमचं घरदार पणाला लागू शकतं.

डीलरला गाडी देताय तर एक गोष्ट माहीत असू द्या. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राचे नवे नियम आलेत, डीलरने आरटीओकडून अधिकृत मंजुरी घ्यायची असते आणि अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिली की तशी नोंद परिवहनच्या पोर्टलवर होते, तेव्हापासून ती गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. म्हणून विचारायचं, "तुमच्याकडे ऑथोरायझेशन आहे का, माझी गाडी तुमच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद करता का?" ह्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, दहा हजार जास्त देत असला तरी. आणि कुणालाही गाडी द्या, एक डिलिव्हरी नोट करा, तारीख आणि वेळ दोन्ही टाका, घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या, किलोमीटरचा फोटो काढा. वेळ एवढ्यासाठी की संध्याकाळी गाडी दिली आणि त्याच रात्री द्वारका चौकात काही घडलं तर तुम्ही काय दाखवणार?

फास्टॅगचंही तेच. तो गाडीबरोबर पुढे देऊन टाकायची वस्तू नाही, तुमच्या खात्याला जोडलेला आहे. गाडी दिली त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नवा मालक घोटीला, पिंपळगावला, शिंदेच्या टोलला जाणार आणि पैसे तुमचे कटणार.

ट्रान्सफरची प्रोसेस लोकांना वाटते तेवढी अवघड नाही. परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज, फी ऑनलाइन, आणि कागद घेऊन पेठ रोडच्या आरटीओत. कारची सरकारी फी काही शे रुपयांतच असते, एजंट जे काही हजार सांगतो त्यातला मोठा भाग त्याच्या मेहनतीचा असतो, तुम्हाला वेळ नसेल तर द्या, त्यात वाईट काही नाही, पण काम झालं का ते स्वतः नंबर टाकून बघा. अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. आरसीला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो आणि विकणाऱ्याचा तो नंबर बंद झालेला असतो. नाहीतर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, नाही म्हणून अडतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर ती नंबरप्लेट बसवलेली आहे का बघा, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढाच खर्च आहे, तो विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, सीमेपलीकडच्या गाड्या. पेठच्या पुढे गेलं की गुजरात, तिकडून सिल्वासा-दमण जवळ, त्यामुळे जीजे-१५, डीएन-०९, डीडी-०३ च्या गाड्या नाशिकमध्ये विकायला येतात आणि किमतीला बऱ्याच कमी वाटतात. दिल्लीच्याही येतात, तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं आहेत म्हणून. गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे कायम वापरायची म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने, मग एमएच-१५ नंबर. कायद्याने १२ महिन्यांच्या वर तशीच चालवता येत नाही. हा सगळा खर्च आणि चकरा धरून मग किंमत कमी आहे का ते ठरवा. मला विचाराल तर ज्याला धावपळ करायला वेळ नाही त्याने इथलीच गाडी घ्यावी.

आता माझ्या कामाचा भाग, इन्शुरन्स. ओझरची एक मुलगी, नोकरीला लागली, स्वतःच्या पैशाने पहिली गाडी घेतली, आरसीसुद्धा महिन्याभरात नावावर करून घेतली, एवढी व्यवस्थित मुलगी. गोंदे फाट्याजवळ पुढचा ट्रक अचानक थांबला, ही मागून धडकली, बॉनेट, रेडिएटर, लाइट सगळं गेलं. पॉलिसी चालू होती, फुल होती, पण आधीच्या मालकाच्या नावावर. क्लेम नामंजूर. ती मला म्हणाली, "ताई, पॉलिसी तर गाडीची असते ना?" आणि सगळ्यांना असंच वाटतं म्हणून हे नीट लिहिते.

पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं ते, हा भाग कायद्याने, कलम १५७ ने, गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, हा भाग असा जात नाही, त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाची गाडी आता त्याची नाही म्हणून तो क्लेम करू शकत नाही, तुमचं नाव पॉलिसीवर नाही म्हणून तुम्ही करू शकत नाही, असा तो क्लेम दोघांच्या मध्ये पडून राहतो. आरसी बदलून हातात येण्याची वाट बघत बसू नका, ट्रान्सफरची पावती आणि विक्रीचे कागद घेऊन लगेच कंपनीकडे अर्ज टाका.

तेव्हा एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, फरक भरायला लागतो, त्यावर बरेच जण चिडतात. क्लेम न करता वर्षं काढली की प्रीमियममध्ये सूट मिळते, २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत, ती सूट गाडीची नसून माणसाची असते. आधीच्या मालकाने सांभाळून गाडी चालवली त्याचं ते बक्षीस आहे, तुम्हाला नाही मिळत, म्हणून उरलेल्या दिवसांचा फरक तुम्ही भरायचा. विकणाऱ्याने मात्र आपल्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र न विसरता घ्यावं, ३ वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिच्यावर ती सूट लागते, ५० टक्के असेल तर ही रक्कम छोटी नाही. आणि चालू पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर साचलेली सूट सगळी जाते, फक्त तारीख विसरल्यामुळे लोकांची पाच-सहा वर्षांची सूट गेलेली बघून मला खरंच वाईट वाटतं.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे आणि पॉलिसीवर पण पाहिजे. दोन्हीकडे. शिवाय सिलेंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, असते, त्याचं सर्टिफिकेट मागा. नसेल तर किंमत ठरवताना ते धरा, पण टेस्ट झाल्याशिवाय घरच्यांना बसवून त्र्यंबकला निघू नका.

पाण्यात गेलेल्या गाडीबद्दल मात्र नाशिककरांशी जास्त बोलायला पाहिजे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं अशी बातमी आली की आपण फोटो बघतो, पण त्याच वेळी गोदाघाटावर लावलेल्या गाड्या, सराफ बाजाराकडच्या सखल भागातल्या गाड्या पाण्यात असतात. शिवाय मुंबई-ठाण्यात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पाणी साचतं आणि कसारा घाट चढून त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून इकडे येतात. अशी गाडी बाहेरून ओळखता येत नाही, पॉलिश एकदम झकास असतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा डाग राहतो कारण तिथपर्यंत कुणी साफ करत नाही. सीट पूर्ण मागे सरकवून खालचे बोल्ट आणि रुळ बघा, आतल्या बाजूला गंज का असेल सांगा? स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघा, मॅट उचलून हात दाबून बघा, काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का. खूप जास्त परफ्यूम मारलेला असेल तर मी तरी आधी विचारते कशासाठी. अशा गाडीत आज सगळं चालतं आणि सहा-आठ महिन्यांनी वायरिंगचे कनेक्टर सडायला लागतात, आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, मेकॅनिकला मूळ सापडत नाही.

आणि स्वतःची गाडी कधी पाण्यात उभी राहिली तर स्टार्टर मारायचा नाही, एकदाही नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्ट केलं की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग साधी साफसफाई करून सुटणाऱ्या गाडीचं पूर्ण इंजिन खोलायची वेळ येते. साध्या पॉलिसीत गाडी पुरात सापडल्याचं नुकसान मिळतं पण हे नंतर स्टार्ट केल्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान नाही मिळत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यायला लागतं. नदीकाठी, बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी ते घ्यावं. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची वायर काढा, टो करून न्या.

किलोमीटर मागे फिरवलेत का ह्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी विचारा, मालकाला सोबत न्या म्हणजे ते देतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसतेय म्हणून सात वर्षांचा टायर घेऊन इगतपुरीहून समृद्धीवर चढू नका, तिथे १२० ची मर्यादा आहे आणि उन्हाळ्यातलं सिमेंट काँक्रीट आहे.

भावाबद्दल एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना त्याच मॉडेलची आजची नवी ऑन रोड किंमत काढून मगच बोला, तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरून नको. सातपूर-अंबडला नवीन नोकरीला लागलेली पोरं, द्राक्ष-कांद्याचे पैसे आल्यावर गाडी बघायला निघालेले निफाड-दिंडोरीकडचे दादा, सगळ्यांना हेच सांगते. आणि ठरलेल्या पैशातले थोडे, पंचवीस-तीस हजार, आरसी नावावर झाल्यावर देईन असं कागदावर लिहून मागे ठेवा. प्रामाणिक विकणारा ह्याला नाही म्हणत नाही, कारण नाव बदलणं ही त्याचीही गरज आहे.

राहिला एक विषय, तो कुणी आधी विचारत नाही. घरातला माणूस गेला आणि गाडी त्याच्या नावावर राहिली. उपनगर भागातल्या एक वहिनी मिस्टर गेल्यावर दीड वर्षाने आल्या, मुलगा रोज तीच गाडी चालवत होता, पॉलिसी ऑनलाइन रिन्यू होत होती, वडिलांच्याच नावाने. अशा पॉलिसीवर क्लेमची वेळ आली तर फार गुंतागुंत होते. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, सोबत मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. आता आरसीला नॉमिनीही लावता येतो, २०२१ पासून ती सोय आहे, लावून ठेवा, बायकोला सांगूनही ठेवा. वहिनींचं काम उशिरा का होईना झालं, गाडी आता त्यांच्या नावावर आहे आणि पॉलिसी पण, मुलाला लायसन्स आहे, तो चालवतो. तुमच्या घरात अशी गाडी असेल आणि ती विकायची असेल तरी आधी वारसाच्या नावावर करा, मग विका, गेलेल्या माणसाच्या नावाने कोऱ्या फॉर्मवर कुणालाही सही मारू देऊ नका.